कोरा रकाना आणि निरंक



गाळप हंगाम तोंडावर आला की शेतकी खात्याच्या खिडकीशी एक प्रश्न दिवसातून दहा वेळा ऐकू येतो. “साहेब, माह्यं नाव काहून नाई यादीत?” आत बसलेला कारकून संगणकाच्या पडद्याकडे पाहतो आणि सांगतो, “भाऊ, सिस्टीमनं उडवलं.” झालं, उत्तर मिळालं! जणू सिस्टीम नावाचा कोणी इसम आहे आणि त्याच्या मनात आले म्हणून त्याने नाव उडवले. यादीतून ओळी का उडतात, उडवाव्याच लागतात का, आणि उडवताना घात कोठे होतो, याची माहिती आम्ही या लेखात देत आहोत. विषय संगणकाचा आहे म्हणून पान उलटू नये. यातले गणित काटा पावतीवरच्या गणितापेक्षा कठीण नाही.

संगणकात सभासदांची माहिती म्हणजे एक लांबच लांब यादी असते. एकेका ओळीत सभासद क्रमांक, नाव, गाव, गट नंबर, लागवडीची तारीख, उसाची जात, क्षेत्र, बँक खाते, मोबाइल नंबर आणि मग हंगामवार घातलेला ऊस. ही माहिती एका दिवसात, एका हाताने भरलेली नसते. कोणी बांधावर उभे राहून मोबाइलवर भरली, कोणी जुन्या खतावणीवरून उतरवली, कोणी फोनवर ऐकून लिहिली. साहजिकच अध्येमध्ये रकाने कोरे राहतात. ते तसेच ठेवून पुढचा हिशेब करू गेले तर यंत्र अडते. किंवा अडत नाही आणि भलतेच उत्तर देते. हे दुसरे जास्त वाईट.

समजा ट्रॅक्टर-ट्रॉलीचे भरलेले वजन २१.४५० टन आणि रिकामे वजन ६.३०० टन. निव्वळ ऊस १५.१५० टन. आता रिकाम्या वजनाचा रकाना कोरा राहिला आणि प्रोग्रॅमने त्या कोऱ्या जागी शून्य धरले, तर पावतीवर २१.४५० टन ऊस लागेल. ट्रॉलीसकट गाळप! येथे चूक मोठी असल्यामुळे कोणाच्या तरी लक्षात येईल. पण शेकडो ओळींच्या यादीत असे लपून राहते, म्हणून हिशेबाआधी यादी गाळून घेण्याची रीत आहे. आपण रस गाळतो, प्रोग्रॅम लिहिणारी मंडळी यादी गाळतात. त्याला ते फिल्टर करणे म्हणतात.

एवढ्यापर्यंत सगळे सोपे. अडचण सुरू होते ती ‘कोरा म्हणजे काय’ येथे.

आपल्या जुन्या सहकारी आणि सरकारी दप्तरात याचे उत्तर कधीच देऊन ठेवलेले आहे. जुने कारकून रकाना कोरा ठेवीत नसत. सांगण्यासारखे काही नसेल तर ‘निरंक’ लिहीत. तालुक्याला पाठवायचा अहवाल असला आणि महिनाभरात काही घडलेच नसले, तरी ‘निरंक अहवाल’ म्हणून कागद जायचा. निरंक याचा अर्थ आम्ही पाहिले, मोजले, आणि शून्य निघाले. कोरा याचा अर्थ कोणी पाहिलेच नाही. एका शब्दात केवढा फरक आहे पाहा. पहिल्यात माणसाने जबाबदारी घेतली आहे, दुसऱ्यात कोणीही घेतलेली नाही.

संगणकाच्या जगात हीच गोष्ट शास्त्रीय पद्धतीने मांडली ती एडगर कॉड या गृहस्थांनी. आयबीएम कंपनीत काम करणाऱ्या कॉड यांनी १९७० साली माहिती तक्त्यांच्या रूपाने साठवण्याची पद्धत मांडली. आज बँक असो की रेल्वेचे आरक्षण, बहुतेक मोठा कारभार त्याच पद्धतीवर चालतो. पुढे १९८५ साली त्यांनी या पद्धतीचे नियम जाहीर केले. त्यांतला तिसरा नियम आपल्या कामाचा आहे. माहिती नसलेला रकाना वेगळ्या खुणेने ओळखला गेला पाहिजे. ती खूण शून्यापेक्षा वेगळी हवी आणि रिकाम्या अक्षरांपेक्षाही वेगळी हवी. या खुणेला ‘नल’ म्हणतात. आमच्या मते कॉड साहेबांचा नियम म्हणजे आपल्या कारकुनांचा निरंकच, फक्त उलट्या बाजूने आलेला. कारकुनाने शून्याला नाव दिले, कॉड यांनी कोऱ्याला.

पण नियम असला म्हणून सगळे पाळतात असे थोडेच आहे! पायथॉन नावाची एक प्रोग्रॅमची भाषा १९९१ पासून प्रचारात आहे. शिकायला सोपी, त्यामुळे आपल्याकडच्या कॉलेजांतली मुलेही तीच शिकतात. तिच्यात यादी गाळण्यासाठी एक तयार आज्ञा आहे. ‘कसोटी कोणतीच नाही’ असे सांगून ती यादीवर फिरवली की ती रिकामे काढून टाकते. एका ओळीचे काम, म्हणून पोरे खूश. पण ही आज्ञा कोरा रकाना काढते तसा शून्यही काढते. तिच्या लेखी दोन्ही पोकळ. जावास्क्रिप्ट या भाषेतही अशीच एक सोपी पळवाट आहे आणि तिचाही हाच गुण. उलट, रकान्यात चुकून कळफलकावरची मोकळी जागा एकदा दाबली गेली असेल, तर माणसाला तो रकाना कोरा दिसतो, पण या आज्ञेला तो भरलेला वाटतो आणि ती त्याला सोडून देते. म्हणजे ठेवायचे ते गेले आणि काढायचे ते राहिले.

आकड्यांत पाहू. पाच सभासद. एकाचा ऊस ४२.५ टन, दुसऱ्याचा शून्य, तिसऱ्याचा रकाना कोरा, चौथ्याचा ३८ आणि पाचव्याचा ५१.५ टन. बेरीज १३२ टन. सरासरी किती? शून्य आणि कोरा दोन्ही गाळले तर तिघांत भागून ४४ टन. फक्त कोरा गाळला तर चौघांत ३३ टन. काहीच न गाळता कोऱ्याला शून्य धरले तर पाचांत २६.४ टन. बेरीज एकच, माणसे तीच, सरासऱ्या तीन. एखाद्या सभेत दोघेजण वेगवेगळे आकडे घेऊन भांडत असतील तर दोघेही खरे बोलत असण्याचा संभव आहे, हे या हिशेबावरून दिसेल. मोजलेल्या माहितीची खरी सरासरी येथे ३३ च आहे, आणि तिच्यासोबत ‘एकाची माहिती नाही’ हे सांगितले पाहिजे.

आता सभासद म्हणतील, सरासरीने आमचे काय बिघडते? सरासरीने नसेल बिघडत, पण हक्काने बिघडते. ९७ व्या घटनादुरुस्तीनंतर २०१३ साली महाराष्ट्राच्या सहकार कायद्यात ‘क्रियाशील सभासद’ ही कल्पना आली. पाच वर्षांत निदान एका सर्वसाधारण सभेला हजेरी, आणि उपविधीत ठरवलेल्या किमान सेवेचा वापर, अशा अटी आल्या. साखर कारखान्यात किमान सेवेचा वापर म्हणजे मुख्यतः ऊस घालणे. पुढे २०२१ च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयाने त्या घटनादुरुस्तीतला सहकारी संस्थांविषयीचा भाग, बहुराज्य संस्था वगळता, रद्द ठरवला. राज्याच्या कायद्यातही नंतर फेरबदल होत गेले. कायद्याचा कीस आम्ही येथे पाडत नाही. मुद्दा एवढाच की हंगामवार ऊस दाखवणारा तो रकाना नुसता हिशेबाचा राहिला नाही, तो मताच्या हक्काला जाऊन भिडला.

आणि त्या रकान्यात तीन निरनिराळ्या गोष्टी असू शकतात. एका सभासदाला पाण्याची पाळी मिळाली नाही, ऊस वाळला, त्याने घातला नाही, तेथे शून्य. दुसऱ्याने ऊस घातला, पण नोंद उतरवताना राहून गेली, तेथे कोरा. तिसरी गोष्ट आपल्या जिल्ह्याला नीट माहीत आहे. कारखान्याचे धुराडेच पेटले नाही, असे हंगाम येथल्या शेतकऱ्याने पाहिले आहेत. त्या हंगामात ऊस उभा होता, सभासदाची घालायची तयारी होती, काटाच बंद होता. त्या रकान्यात शून्य लिहिणे हा त्या माणसावर अन्याय आहे. तेथे ‘गाळप नाही’ अशी वेगळी खूणच पाहिजे. प्रोग्रॅम लिहिणारा मुलगा पुण्यात किंवा नागपुरात बसलेला असतो. त्याला हे कोणी सांगितले नाही तर तो तिन्हींना एकच मानील, आणि त्यात त्याचा दोष काढता येणार नाही.

तारखेच्या रकान्याची कथा आणखी मजेदार आहे. तोडणीचा कार्यक्रम लागवडीच्या तारखेप्रमाणे लावतात. आडसाली आधी, मग पूर्वहंगामी, मग सुरू. खोडव्याचा हिशेब वेगळा. आता ज्याची तारीख कोरी त्याचा नंबर कोठे लागावा? हे ज्या त्या यंत्रणेवर अवलंबून. चढत्या क्रमाने लावताना ओरॅकल आणि पोस्टग्रेस या यंत्रणा कोरे रकाने शेवटी टाकतात. मायएसक्यूएल आणि एसक्यूएल सर्व्हर हे त्यांना सर्वांच्या आधी घेतात. एकीकडे कोऱ्या तारखेचा कोवळा ऊस पहिल्याच आठवड्यात तोडणीला येईल, तर दुसरीकडे पिकलेला ऊस मे महिन्यापर्यंत तुरे घेऊन उभा राहील. एक्सेलच्या तक्त्यात कोऱ्या जागेचे शून्य झाले आणि त्याला तारखेचा साज चढवला, तर जानेवारी १९०० ची, तीही ‘शून्य’ तारीख दिसते! सव्वाशे वर्षांचा ऊस कोणत्या टोळीने तोडायचा? थट्टा सोडली तरी, अशी तारीख यादीत दिसली की ती मुळात कोरी होती हे ओळखावे.

गाळण्याच्या रीतीतही दोन खड्डे आहेत. पहिला खड्डा दोन याद्यांचा. एका यादीत नावे, दुसऱ्यात टनेज, आणि जोडी केवळ ओळीच्या क्रमाने लावलेली. टनेजच्या यादीतला चौथा रकाना कोरा म्हणून काढून टाकला, नावाच्या यादीतला काढला नाही. मग पाचव्याचे टनेज चौथ्याच्या नावापुढे, सहाव्याचे पाचव्यापुढे, अशी शेवटपर्यंत घसरण होते. एकाही आकड्यात खोट नसते आणि एकही आकडा योग्य माणसाचा नसतो. म्हणून टनेजला सभासद क्रमांक बांधलेला असावा, आणि गाळायचे तर अख्खी ओळ एकत्र उचलावी.

दुसरा खड्डा असा. यादी तपासत तपासत त्याच वेळी तिच्यातून ओळी काढत जाणे. रांगेतला पाचवा माणूस बाहेर काढला की सहावा पुढे सरकून पाचव्या जागी उभा राहतो. तपासणारा मात्र पाचवी जागा झाली म्हणून सहावीकडे जातो. मूळचा सहावा तपासल्यावाचून सुटला. दोन कोरे रकाने लागोपाठ आले की त्यांतला दुसरा हमखास निसटतो. नवशिक्या प्रोग्रॅमरना हा प्रसाद एकदा तरी मिळतोच. उपाय साधा आहे. खालून वर तपासत यावे, किंवा जुन्या यादीला हातच न लावता चांगल्या ओळींची नवी यादी लिहावी. आम्हाला हा दुसरा उपाय पसंत आहे, कारण त्यात मूळ वही जशीच्या तशी राहते.

याहून मोठा धोका मात्र सरसकट गाळण्याचा. पायथॉनसोबत वापरला जाणारा पांडाज नावाचा एक संच आहे, तक्त्यांच्या कामाला फार सोयीचा. त्यातली कोरे रकाने काढण्याची आज्ञा, वेगळे काही सांगितले नाही तर, ज्या ओळीत एक जरी रकाना कोरा असेल ती सबंध ओळच टाकून देते. म्हणजे ऊस घातला आहे, टनेज आहे, बँक खाते आहे, फक्त मोबाइल नंबर भरला नाही. तरी तो सभासद बिलाच्या यादीतून गेला. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस मिळाल्यापासून १४ दिवसांत रक्कम द्यायची असते, आणि पुढे उशीर झाला तर सालिना १५ टक्के व्याज. कोऱ्या मोबाइल नंबराची सबब त्या आदेशात कोठे आहे? बिलासाठी जे रकाने लागतात तेवढेच पाहून गाळावे, एवढे सांगितले की यंत्र ऐकते. पण सांगावे लागते.

हे कारखान्यापुरते नाही. २८ फेब्रुवारी २०२४ रोजी आपल्या यवतमाळातच पंतप्रधानांच्या हस्ते पीएम किसान योजनेचा १६ वा हप्ता देण्यात आला. देशभरासाठी २१ हजार कोटींवर रक्कम. ती खात्यावर येण्यासाठी आधारची ई-केवायसी, जमिनीची नोंद आणि आधारशी जोडलेले बँक खाते, हे सगळे पुरे लागते. यांतले एक जरी राहिले तरी हप्ता अडतो. शेजाऱ्याला पैसे आले, मला नाही, असे म्हणणाऱ्याने पहिल्यांदा आपला कोणता रकाना कोरा आहे ते पाहावे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर आलेल्या ई-पीक पाहणीचेही तसेच आहे. शेतात ऊस डोक्याइतका उभा आहे आणि सातबाऱ्यावर पीकपेरा कोरा. कोऱ्याचा अर्थ ‘पीक नाही’ असा नव्हे, पण वाचणारा तसाच घेतो.

रकाने सक्तीचे केले म्हणजे सर्व सुधारते असेही नाही. २०१७ च्या छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेत कर्जमाफीसाठी ऑनलाइन अर्ज घेतले गेले, आणि बँकांच्या माहितीशी ते जुळवून याद्या करायच्या होत्या. तेव्हा निरनिराळ्या शेतकऱ्यांपुढे एकच आधार क्रमांक आल्याचे प्रकार बँकांच्या नजरेस आले आणि याद्या पुन्हा तपासाव्या लागल्या. त्यामागे काय कारणे असतील ती असोत, पण फॉर्म पुढे सरकत नाही म्हणून भरणारा माणूस काहीतरी ठोकून देतो, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. दहा वेळा ९, किंवा १ ते ० असा मोबाइल नंबर. कोरा रकाना निदान प्रामाणिक असतो. खोटा भरलेला रकाना कोणत्याही गाळणीत सापडत नाही.

कोऱ्या जागी शब्द लिहून ठेवण्याचीही खोड आहे. एकजण ‘ना’ लिहितो, एकजण आडवी रेघ मारतो, एकजण ‘माहीत नाही’. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या एका गृहस्थाने गंमत म्हणून मोटारीच्या पाटीवर ‘नल’ ही अक्षरे घेतली. २०१९ साली ही हकिगत बरीच गाजली. पाटीचा नंबर न भरलेल्या लोकांचे दंड संगणकाने ‘नल’ म्हणून या बिचाऱ्याच्या नावावर लावायला सुरुवात केली आणि दंडाची रक्कम हजारो डॉलरांवर गेली. तेव्हा कॉड साहेब म्हणत होते ती खूण खरोखर वेगळी हवी. अक्षरांत लिहिलेली असून चालत नाही.

उसाच्या नोंदी संगणकावर शेतकऱ्याला दाखवण्याचा प्रयोग आपल्या राज्यात जुनाच आहे. कोल्हापूरकडे वारणानगर परिसरात १९९८ साली सुमारे ७० गावांसाठी वारणा वायर्ड व्हिलेज प्रकल्प सुरू झाला. गावातल्या केंद्रावर जाऊन आपल्या उसाची नोंद, तोडणीचा आदेश, टनेज पाहण्याची सोय झाली. २००७ च्या सुमारास त्याच भागात संगणकाऐवजी मोबाइलच्या संदेशावर ही माहिती देऊन पाहिली गेली. शेतकऱ्याने स्वतःची ओळ स्वतः पाहणे, हा कोऱ्या रकान्यावरचा सर्वांत स्वस्त इलाज आहे. आपला लागवडीचा महिना ज्याला त्याला पाठ असतो. कचेरीतल्या कोणालाही तो पाठ असण्याचे कारण नाही.

शेवटी गाळलेल्या मालाचे काय करायचे ते सांगतो. कारखान्यात रस गाळल्यावर जो गाळ उरतो, तो प्रेसमड आपण टाकून देत नाही. ट्रॉली लावून शेतात नेतो, आणि त्यासाठी नंबर लावतो. यादीतून काढलेल्या ओळींनाही हाच न्याय हवा. मूळ यादीत ओळी किती, पुढे गेल्या किती, गाळल्या किती, हे तीन आकडे प्रत्येक यादीच्या तळाशी यावेत आणि मागच्या दोहोंची बेरीज पहिल्याशी जुळावी. गाळलेल्या ओळी वेगळ्या कागदावर, सभासद क्रमांक आणि कोऱ्या रकान्याच्या नावासह, गट कार्यालयात लावल्या तर “सिस्टीमनं उडवलं” असे म्हणण्याची वेळ येणार नाही.

नोंदीच्या वेळी सभासदांनी लागवडीची तारीख, गट नंबर, बँक खाते आणि मागील हंगामांचे टनेज एवढे चार रकाने स्वतः वाचून घ्यावेत. ज्या हंगामात ऊस घातला नसेल तेथे कोरे न ठेवता शून्य लिहावयास सांगावे, आणि कारखाना बंद असलेल्या हंगामापुढे शून्य दिसले तर ते दुरुस्त करून मागावे. जुन्या काटा पावत्या पत्र्याच्या पेटीत असतील तर त्या सोबत आणाव्यात.